घर किती वर्षांचं, यापेक्षा ते कोणत्या साली उभं राहिलं ते विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्यात जुनं घर घेऊन, नीट करून त्यात राहायचं आहे. तीन घरं पाहून ठेवली आहेत: दांडिया बाजारातल्या वाड्याचा एक भाग, अंदाजे १९२५ च्या सुमाराचा, कारेलीबागेतलं १९७९ चं टेनामेंट (म्हणजे सोसायटीतलं बैठं घर), ज्यावर वरचा मजला मागाहून चढवलाय, आणि वासणा रस्त्याच्या बाजूचा २००६ चा डुप्लेक्स. सासूबाई सोबत राहणार आहेत. पन्नास वर्षांच्या पुढचं घर घेऊच नका असं सगळे सांगतात, तर किती जुनं म्हणजे फार जुनं, हे तुम्हाला हवं आहे.

कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सिव्हिल शिकून बाहेर पडलो त्याला तीस वर्षं होऊन गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षं मी दुरुस्तीचीच कामं केली. तुमची तिन्ही घरं मी पाहिलेली नाहीत. जमीन, शेजार, मधल्या मालकांनी केलेले फेरफार, कागदपत्रं यांवर बरंच काही ठरतं, ते इथे बसून सांगता येणार नाही. पण वयाबद्दल विचार कसा करायचा ते नक्की सांगतो, कारण तिथेच लोक चुकतात.

घराला एक वय नसतं. पाया आणि भिंतींचं एक, स्लॅबचं दुसरं, वायरिंगचं आणि पाइपांचं तिसरं, गच्चीवरच्या कोब्याचं, म्हणजे गळती थांबवायला टाकलेल्या थराचं, चौथं. दस्तावेजातलं साल यांतल्या फक्त पहिल्याचं असतं, आणि कधीकधी तेही नसतं. म्हणून मी मालकाला घर किती वर्षांचं असं विचारतच नाही. बांधलं कोणत्या साली, आणि त्यानंतर कोणी काय केलं, हे दोन प्रश्न विचारतो. साल महत्त्वाचं, कारण प्रत्येक काळात बांधायची रीत वेगळी होती आणि त्या रीतीप्रमाणे घराचं दुखणंही वेगळं असतं.

तुमच्या तिघांपैकी मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मधल्या घराची. शंभर वर्षांच्या वाड्यापेक्षा जास्त. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

१९७९ साली सिमेंट बाजारात मुक्तपणे मिळत नव्हतं. परमिटवर मिळायचं, तेही वेळेवर नाही. सरकारने नियंत्रण अंशतः उठवलं ते १९८२ मध्ये आणि पूर्ण उठवलं १९८९ मध्ये. ज्याला घर बांधायचं होतं तो गोण्या मोजून वापरत होता. आमच्या आधीच्या पिढीतले कडिया, म्हणजे गवंडी, सांगत, की कागदावर माल १:२:४ चा (सिमेंट, वाळू, खडी) असायचा, पण वाळू किती पडली हे बघायला कोणी उभं नसायचं. त्यातून कालवायचं हाताने, आणि पाणी सढळ हाताने, कारण पातळ माल पसरायला सोपा. असं काँक्रीट सच्छिद्र राहतं. तेव्हाच्या आयएस ४५६ या प्रमाणसंहितेच्या १९७८ च्या आवृत्तीत आरसीसीला एम १५ ताकदीचं काँक्रीट चालत होतं (आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). २००० च्या आवृत्तीत किमान एम २० झालं. स्लॅबच्या सळईखाली १५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर पुरेसं मानत. प्रत्यक्षात सळ्या फळ्यांवर टेकलेल्या असत, म्हणून मी कित्येक ठिकाणी ५-७ मिलिमीटरच पाहिलंय.

आता यात वय कुठे येतं ते बघा. ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी (अल्कलाइन) असतं की आतल्या लोखंडाला गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ते संरक्षण संपवतो. याला कार्बोनेशन म्हणतात. त्याचा वेग काळाबरोबर कमी होतो: पहिल्या १० वर्षांत ते जितकं खोल जातं, त्याच्या दुप्पट खोल जायला साधारण ४० वर्षं लागतात. म्हणजे दाट काँक्रीट आणि नीट कव्हर असेल तर स्लॅब खूप वर्षं सुरक्षित राहतो. काँक्रीट विरळ आणि कव्हर ७ मिलिमीटर असेल तर सळईचं संरक्षण कधीच संपलेलं असतं. पाणी झिरपायला लागलं की गंज सुरू. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतं. ते खालचं काँक्रीट ढकलून देतं, आणि मग एके दिवशी छताचा पोपडा अंथरुणावर पडतो. त्या काळात वळवलेल्या, ज्यांना आपण टोर म्हणतो त्या सळ्या वापरत. गार अवस्थेत पिळून केलेल्या असल्याने त्यांना गंज लवकर धरतो. नंतर टीएमटी, म्हणजे पिळण्याऐवजी उष्णतेची प्रक्रिया करून मजबूत केलेली सळई, आली.

हे सगळं स्लॅबच्या आत चालतं आणि वरून पुट्टी-रंग सुंदर असतो. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी १९८१ चं घर पाहायला मी गेलो होतो. हॉलला नवं पीओपीचं छत होतं, मालक म्हणाला दिवाळीतच केलंय. मी ते उघडायला लावलं नाही, वरवर ठोकून होकार दिला. काम सुरू झाल्यावर छत उतरवलं तर वर सळ्या उघड्या, काही ठिकाणी अर्ध्याहून जास्त खाल्लेल्या. त्या लोकांचा स्वयंपाकघराचा सगळा पैसा स्लॅबमध्ये गेला. तेव्हापासून छताचा दोन फूट तुकडा उघडल्याशिवाय मी कुणालाही ‘घ्या’ म्हणत नाही. तुम्हीही म्हणू देऊ नका.

कारेलीबागेच्या घरात म्हणून हे करा. बाथरूमखालचा आणि गच्चीखालचा स्लॅब हातोडीने ठोकून पाहा. चांगला असेल तर टणक आवाज येतो, सुटला असेल तर बद्द, पोकळ. सळईच्या रेषेत सरळ चिरा आहेत का बघा, छज्जांच्या खाली विशेष करून. दोन-तीन जागी गिलावा काढून ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण शिंपडायला सांगा. गुलाबी झालं तिथे संरक्षण शाबूत आहे, रंग नाही आला तिथे गेलंय. बिनरंगाचा थर सळईपर्यंत पोचलाय की नाही, हे कळलं की निम्मा निर्णय होतो. तपासणी स्वस्त आहे, एका टाइलच्या खोक्याहून फार महाग नाही.

गच्चीवर चढाल तेव्हा कोब्याची जाडी बघा. आपल्याकडे गळती लागली की जुना कोबा न काढता वर नवा टाकायची सवय आहे. चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा म्हणजे चौरस मीटरला सुमारे २०० किलो. राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून स्लॅबसाठी धरलेलं वजन एवढंच असतं. म्हणजे दुसरा थर टाकला की त्या म्हाताऱ्या स्लॅबवर घरभर पाहुणे कायमचे बसवल्यासारखं झालं. मी तीन थर काढलेत एका गच्चीवरून. पॅरापिट भिंत गुडघ्याइतकीच उरली असेल तर समजा.

वरचा मजला मागाहून चढवलाय म्हणता, तर तिथे दोन घरं आहेत असं धरा, एक १९७९ चं आणि एक जेव्हा चढवलं तेव्हाचं. त्या काळची टेनामेंट बहुतेक नऊ इंची विटांच्या भिंतींवर उभी आहेत, कॉलम नाहीत. पाया एका मजल्याचा की दोनाचा धरला होता, हे कागदावर क्वचितच मिळतं. जिना जिथे जोडलाय तिथली फट आणि वरच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या चिरा बघा. मजल्याची रजा चिठ्ठी (बांधकामाची परवानगी) आणि वापराची परवानगी मागा. मार्जिनमध्ये, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, खोली ओढली असेल तर इम्पॅक्ट फी (विनापरवाना बांधकाम नियमित करायची फी) भरून नियमित झालीय का तेही. आणि तुमच्या मनात हॉल-किचन एक करायचं असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा. कॉलम नसलेल्या घरात ती भिंत तुमच्या डोक्यावरचं छप्पर धरून उभी असते. ती काढता येते, पण टेकू लावून, गर्डर घालून, खर्च करून.

चिरा दिसल्या म्हणजे घर बाद, असं मात्र नाही. बडोद्यात बऱ्याच भागांत काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर जुनं असण्याचा इथे फायदाच आहे: चाळीस वर्षांत जे बसायचं होतं ते बसलेलं असतं. नव्या घराची ही परीक्षा अजून व्हायची असते. चीर जुनी आहे का नवी, हे तिच्या कडांवरून कळतं. आत धूळ-रंग भरलेली, कडा बोथट, तर जुनी. कडा धारदार आणि आत स्वच्छ, तर काहीतरी अजून हलतंय, आणि बहुधा कारण जवळच असतं: फुटलेलं ड्रेनेज किंवा भिंतीला लागून वाढलेलं झाड.

आता वाडा. वाड्याबद्दल मला प्रेम आहे हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही माझं म्हणणं तेवढं वजा करून वाचाल. सागवानी खांब, तुळया, तक्तपोशी (फळ्यांचं छत), मध्ये चुन्यातली वीट. अशा घरात लोखंडच नाही, त्यामुळे वर लिहिलेला आजारही नाही. लाकडाला काय झालंय ते दिसतं, हाताला लागतं. तुळईचं मधलं अंग नव्वद टक्के वेळा ठणठणीत असतं. सडतात ती टोकं, जिथे ती भिंतीत शिरतात आणि ओल धरतात. जाड पेचकस घेऊन प्रत्येक टोकाशी टोचून बघा. अर्धा इंच सहज आत गेला तर ते टोक गेलं. वाळवीसाठी खांबांचे तळ आणि चौकटींची मागची बाजू. ओळंबा सोडून भिंत किती झुकलीय ते बघा, आणि पाण्याच्या पारदर्शक नळीने मजल्याचा उतार मोजा. टोक बदलता येतं, नवा तुकडा सांधता येतो, अख्खी तुळईसुद्धा बदलता येते. असं काम जाणणारे सुतार आता थोडे उरलेत, पण बडोद्यात अजून आहेत. तांबेकर वाडा जाऊन पाहा, चार मजली लाकडी घर काय असतं ते कळेल.

वाड्याला मारतं ते वय नाही, मधल्या काळातली दुरुस्ती मारते. बाबाजीपुऱ्यात एका घरी खालच्या भिंतींना सतत ओल, लोणा, दर दिवाळीला रंग सुटायचा. मालकाने तीनदा सिमेंटचा गिलावा केला होता. तोच रोग होता. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आणखी वर चढते आणि लाकडाच्या टोकांपर्यंत पोचते. आम्ही सगळं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला, अंगणातली फरशी भिंतीपासून जरा सोडली, आणि दोन पावसाळ्यांत भिंत कोरडी झाली. म्हणून वाड्यात गेल्यावर मी पहिल्यांदा विचारतो, सिमेंट कुठे कुठे लावलंय? जितकं कमी, तितकं बरं. लाकडी मजल्यावर कुणी काँक्रीट ओतून संडास-बाथरूम केलंय का, तेही तुळईखाली जाऊन बघा.

तुम्ही वाड्याचा ‘भाग’ म्हणालात, हा शब्द मला अडतो. भिंत सामाईक, कधी तुळईही सामाईक. शेजाऱ्याने उद्या आपला भाग पाडला तर तुमची भिंत उघडी पडते, आधार जातो. शेजारची माणसं कोण, त्यांचा विचार काय, हे घर बघण्याइतकंच महत्त्वाचं. कागदांचं वयही इथेच आडवं येतं: चार पिढ्यांचे वारस, एखादा पाघडीचा भाडूत, सिटी सर्व्हेच्या कार्डावर आजोबांचंच नाव. जुन्या शहराच्या काही भागांना १९९१ चा अशांत धारा हा गुजरातचा कायदा लागू आहे. तिथे विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते. आणि घर तांबेकर वाड्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत असेल, तर कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर तिथे नवं बांधकाम करता येत नाही. डागडुजी परवानगी घेऊन करता येते. पुढे पाडून तिमजली बांधू, असा विचार मनात असेल तर अंतर आधी मोजून घ्या. बँकेलाही आधीच विचारा. मूल्यमापन करणारा घराचं उरलेलं आयुष्य लिहितो, आणि लाकडी घराला ते कमी लिहिलं जातं, म्हणून कर्जाची मुदत आखडते.

डुप्लेक्सबद्दल थोडक्यात. २००६ चं घर म्हणजे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतरचं. त्या भूकंपात भुजपासून दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत उंच इमारती कोसळल्या, कित्येकांच्या तळमजल्यावर नुसतं मोकळं पार्किंग होतं. त्यानंतर आमच्या धंद्यातल्या लोकांचे डोळे उघडले: सळईची वळणं, रिंगांमधलं अंतर याकडे लक्ष द्यायला लागले. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या प्रमाणसंहितेच्या २००२ च्या आवृत्तीत वडोदरा तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंप-विभागात आहे. म्हणून २००१ ही रेषा मी धरतो, पण ती हमी मानत नाही. बिल्डरने एकाच वेळी शंभर घरं उभी केली असतील तर एक-दोन शेजाऱ्यांकडे चहा घ्या. सगळ्यांची गळती एकाच जागी असते आणि ते मोकळेपणाने सांगतात. मूळ स्ट्रक्चरल नकाशा मिळाला तर उत्तम. एवढ्या वयाच्या घरात तुमचा खर्च बहुधा आवडीनिवडीवर होईल, जीव वाचवण्यावर नाही.

दोन गोष्टी तिन्ही घरांना लागू आहेत. पहिली, वायरिंग आणि पाइप. पंचवीस-तीस वर्षांपुढच्या घरात ते चांगले आहेत का हे तपासत बसू नका. बदलायचेच आहेत असं धरून किमतीतून वजा करा. १९७९ ला बहुधा अ‍ॅल्युमिनियमची वायर आणि नावापुरतं अर्थिंग, चार दिवे आणि तीन पंख्यांसाठी. तुम्ही तीन एसी लावणार. जीआय पाइप आतून गंजून बोटाएवढं भोक उरतं. यात वयाचा वाद नाही, फक्त हिशेब आहे.

दुसरी, पाणी. घर जितकं जुनं तितकं रस्त्याच्या मानाने खाली गेलेलं असतं, कारण दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा थर चढतो आणि जोतं तिथल्या तिथे राहतं. १९७९ ला तीन पायऱ्या चढून आत जायचे, आज एकच उरली असेल. काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. कारेलीबाग, समा, अकोटा इथल्या कितीतरी घरांत तळमजल्यावर पाणी होतं. मालकाला विचाराल तर ‘आमच्याकडे नाही आलं’ म्हणेल. समोरच्या दुकानदाराला विचारा, आणि कपाटांची, दारांच्या चौकटींची खालची बाजू बघा. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस पडला होता, तेव्हाचंही विचारा. सासूबाई सोबत असणार, त्यांची खोली तळमजल्यावरच येईल. म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी स्लॅबच्या बरोबरीचा आहे.

तर तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पन्नास वर्षांची रेषा मी मानत नाही. १९६० च्या आधीचं चुना-लाकडाचं घर, कागद साफ आणि सिमेंटचा उपद्रव कमी असेल तर मी आनंदाने घेईन. १९६५ ते ९० मधलं आरसीसी घर तपासणीशिवाय घेणार नाही, तपासणीत पास झालं तर निर्धास्त घेईन. २००१ नंतरच्यात जोखीम कमी, पण किंमत त्या मानाने चढी असते आणि बदल करायला वाव कमी.

कोणतंही घेतलं तरी दुरुस्तीच्या अंदाजाचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा, वाड्यासाठी तिसरा. गिलावा काढल्याशिवाय खरं काय आहे ते कळत नाही, आणि तेव्हा हात आखडला की लोक नेमकी स्लॅबची दुरुस्ती पुढे ढकलतात आणि टाइल्स आधी लावतात.

तुमच्या जागी मी आधी कारेलीबागेच्या मालकाकडे जाऊन, बाना (बयाणा) द्यायच्या आधी, छताचे तीन तुकडे उघडायची लेखी परवानगी मागितली असती. तो हो म्हणाला आणि काँक्रीट गुलाबी आलं, आणि २०२४ ला उंबरठ्याच्या आत पाणी आलं नव्हतं, तर तिघांत तेच घर तुमच्या कुटुंबाला सोयीचं वाटतं: सासूबाईंना जिना नाही, अंगण आहे, सोसायटी वसलेली आहे. तो नाही म्हणाला, तर ते घर सोडा आणि वाड्याच्या शेजाऱ्यांना भेटायला जा. पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत गेलात तर ओल कुठे आहे ते तुम्हालाच दिसेल.